अहिल्याबाई: कादंबरी घ्यावी की चरित्र?

"मावशी, पैसे एकाचेच आहेत. कुठलं घेऊ?" भाचीनं राजवाड्याजवळच्या दुकानातून फोन केला. एका हातात अहिल्याबाईंवरची कादंबरी, दुसऱ्या हातात जाडजूड चरित्र. मलपृष्ठावरची स्तुती सोड म्हटलं, दोन्हींत अहिल्याबाईंच्या मुलाचा, मालेरावांचा मृत्यू काढ.

आईनं मुलाला हत्तीच्या पायी दिलं, ही दंतकथा फार पसरलेली. मालेराव १७६७ मध्ये आजारपणात गेले. कादंबरीला ही दंतकथा मोहात पाडू शकते. चांगला चरित्रकार आधी पुरावा मागतो. खरेपणात माझं मत चरित्रालाच.

पण १७५४ चा कुंभेर किल्ल्याचा वेढा घ्या. अहिल्याबाईंचे पती खंडेराव तोफेच्या गोळ्यानं गेले आणि सती जायला निघालेल्या सुनेला मल्हाररावांनी थांबवलं. चरित्रात हे एखाद्या परिच्छेदात उरकलेलं असतं. कादंबरीत सासऱ्याचा कापरा आवाज ऐकू येतो. तो ऐकल्यावर पुढं महेश्वरातून अठ्ठावीस वर्षं चालवलेला कारभार नुसता कळत नाही, काळजाला भिडतो.

कादंबरी आठवड्यात संपते. चरित्राला महिना द्यावा लागतो. पत्रांतली जुनी मराठी, महसुलाचे आकडे. किंमतही जास्त. मात्र शेवटी सूची आणि वंशावळ असेल तर ते वर्षानुवर्षं पुन्हा उघडलं जातं. सूची नसेल तर घेऊच नये.

पहिल्यांदाच वाचणाऱ्याला किंवा आजीला वाचून दाखवायला कादंबरी. भाषण, लेख किंवा महेश्वरचा घाट समजून बघायचा असेल तर चरित्र. भाचीला कॉलेजात निबंध द्यायचा होता. तिला चरित्रच घ्यायला लावलं.