कमोडसमोरचं सात इंची स्टूल, आठ महिने वापरून

चार तारे. एक कापला कारण ओल्या फरशीवर सरकतं. आम्ही खाली रबरी बुचं चिकटवली.

माझा मुलगा नऊ वर्षांचा, ऑटिस्टिक, फारसं बोलत नाही. सांगलीच्या जुन्या घरात उकिडवं बसायचा संडास होता. फ्लॅटमध्ये फक्त कमोड, त्यावर याचे पाय लोंबकळायचे. तो जाणंच टाळू लागला. खाणं म्हणजे दहीभात, दूध, बिस्किटं. भाजीचा कण दिसला की ताट सारायचा. मग रात्री दोनला उठणं, हात चावून घेणं, सोफ्याच्या हातावर पोट दाबून पडून राहणं. शाळेतून तक्रारी. ‘ऑटिझममध्ये असं असतंच’ हे तिघांनी सांगितलं आणि मी मानलं, याचं आजही फार वाईट वाटतं.

शेवटी एका बालरोगतज्ज्ञ बाईंनी त्याला झोपवून पोट हातानं चाचपलं. बद्धकोष्ठता, कित्येक महिन्यांची. चड्डीला पातळ लागायचं ते मी जुलाब समजत होते. ते घट्ट खड्याच्या कडेनं झिरपत होतं. पोटाच्या तक्रारी, झोप न लागणं, फिट्स, चिंता हे ऑटिस्टिक मुलांत जास्त आढळतं, म्हणून वागणं बदललं की आधी दुखणं शोधा, असं त्यांनी बजावलं. पाण्यात विरघळवायची पावडर दिली आणि स्टूल आणायला सांगितलं. गुडघे कमरेच्या वर आले की शेवटच्या आतड्याचा बाक बराच सरळ होतो, कमी कुंथावं लागतं.

नव्या प्लॅस्टिकचा वास त्याला सोसेना. चार दिवस गॅलरीत उन्हात ठेवलं. पहिला आठवडा कपड्यांनिशीच बसला, जेवणानंतर दहा मिनिटं, रोज त्याच वेळी. नुसत्या स्टुलानं भागत नाही. बरं वाटतंय म्हणून मी पावडर मध्येच बंद केली, तर पंधरा दिवसांत पुन्हा तेच. डॉक्टरांना विचारल्याशिवाय थांबवू नका.

आता लागली की तो स्टूल उचलून माझ्यासमोर आणून ठेवतो. हे त्याला कुणी शिकवलेलं नाही.

घेताना मुलाला कमोडवर बसवून उंची मोजा. माझ्या सहा वर्षांच्या भाचीचे पाय यावर टेकत नाहीत, तिला नऊ इंची लागलं.