डिस्क उडाली म्हणून कोणी सांगितलं असेल तर आधी दारव्ह्याच्या या दुकानात दाखवा

आमचा दारव्हा तालुक्यातल्या गावात फोटो स्टुडिओ आहे, लग्नाच्या शूटिंगपासून पासपोर्ट फोटोपर्यंत सगळीच कामं असतात आणि सीझनचा पूर्ण डेटा एक्स्टर्नल हार्ड डिस्कवर राहते. ऐन लग्नसराईत तीच डिस्क दिसेनाशी झाली. लाइट लागून राहिला, आतून फिरायचा आवाज येऊन राहिला, विंडोजचं टुंग पण वाजून राहिलं, पण धिस पीसी उघडलं का डिस्कचा पत्ताच नाही. शहरातल्या एका मोठ्या दुकानात डिस्क नेली तर त्यानं साधी लावूनही पाहिली नाही, माझं ऐकलं अन् सांगून मोकळा, डिस्क उडाली, रिकव्हरीला पाठवा लागते, पंधरा हजार धरून चला. बरं पैशाचं जाऊ द्या, ज्याच्या पोरीची हळद अन् बिदाई त्या डिस्कवर आहे त्या बापाला काय सांगायचं?

मग कोणीतरी बसस्टँडकडच्या या रिपेअरिंगच्या दुकानाचं सांगितलं. दुकान लहानसं आहे, दोन खुर्च्या अन् उघडे पडलेले सीपीयू. दादानं डिस्क हातात घेतली, कानाला लावली, म्हणे "थांबा ना भाऊ, फिरून राहिली म्हंजे जित्ती हाये, लावून तं पाहू." त्याच्या कॉम्प्युटरला लावली आणि सगळे फोल्डर समोर! खरंच सांगतो, डोळ्यात पाणी आलं. मग त्यानं समजावलं का डिस्कचं लेटर, म्हणजे ते ई, एफ, जी जे असते ते, प्रत्येक कॉम्प्युटर आपापल्या रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या नोंदवहीत, लिहून ठेवते, डिस्कवर ते नसतेच, म्हणून लोचा तुमच्या स्टुडिओतल्या कॉम्प्युटरमध्ये आहे. घराचा नंबर चुकला म्हणून घरातलं सामान जात नाही ना, तसंच.

संध्याकाळी दुकान बंद करून गाडीवर गावात आला. स्टार्टवर राइट क्लिक, डिस्क मॅनेजमेंट, म्हणजे जोडलेल्या सगळ्या डिस्क दाखवणारी विंडोजची खिडकी, अन् स्क्रीन माझ्याकडं वळवली. खाली निळ्या पट्टीत डिस्कची साइज बरोबर, फॉरमॅट एनटीएफएस, हेल्दी म्हणजे ठणठणीत, आणि लेटर एफ. इकडं धिस पीसीतही एफ होतं, पण ते दुसऱ्या कॉम्प्युटरवरचं शेअर फोल्डर, नेटवर्क ड्राइव्ह म्हणून मॅप केलेलं. विंडोजनं तेच लेटर डिस्कलाही देऊन टाकलं होतं, मग नेटवर्कवालं वर अन् आपली डिस्क त्याच्याखाली झाकलेली. सगळा तमाशा एवढाच!

आता इथं मला हा माणूस पटला. दुसरा असता तर डिस्कलाच नवीन लेटर देऊन निघून गेला असता. यानं आधी विचारलं, व्हिडिओचे प्रोजेक्ट कोणत्या पाथवर आहेत. प्रीमियरमध्ये, म्हणजे व्हिडिओ एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये, सगळ्या क्लिप एफवरून जोडलेल्या, डिस्कचं लेटर बदललं असतं तर प्रत्येक प्रोजेक्ट उघडताना मीडिया ऑफलाइन, लाल स्क्रीन, अन् परत लिंक करत बसा. म्हणून डिस्कचं एफ तसंच राहू दिलं, नेटवर्क ड्राइव्ह डिसकनेक्ट करून झेडवर मॅप केला, डिस्क काढून परत लावली, दिसली. आणखी एक गोष्ट दाखवली, आमच्या कार्ड रीडरचे चार खाने रिकामे असले तरी जी, एच, आय, जे धरून बसतात आणि विंडोज रिकामे ड्राइव्ह दाखवत नाही म्हणून आपल्याला कळतच नाही. बॅकअपच्या दुसऱ्या डिस्कला चेंज ड्राइव्ह लेटर अँड पाथ्स मधून पी दिलं, एवढ्या मागचं अक्षर सहसा कोणी पळवत नाही, आणि डिस्कवर चिकटपट्टी लावून पेनानं पी लिहून दिलं.

जाताना बजावून गेला का फॉरमॅट करा म्हणून विंडोजनं कधी विचारलं तर कॅन्सलच दाबायचं आणि आधी डिस्क दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून पाहायची. डिस्क मॅनेजमेंटमध्ये ईएफआय अन् रिकव्हरीच्या, म्हणजे विंडोज सुरू व्हायला अन् दुरुस्तीला लागणाऱ्या, लहान पट्ट्या बिनलेटरच्याच असतात, त्यांना हात लावायचा नाही, विंडोज असलेल्या सीचं लेटर बदलायच्या भानगडीत तर पडायचंच नाही.

पैसे घेतले तीनशे, पेट्रोल धरून. मी जास्त देऊन राहिलो होतो, घेतले नाही. तक्रार म्हणाल तर छापील बिल मिळत नाही, वहीच्या कागदावर लिहून देतो, फोन तर उचलतच नाही, आणि नवीन डिस्क घ्यायची असेल तर त्याच्याकडं माल नसतो, ऑर्डर द्यावी लागते. कॉलेजचे फॉर्म भरायचे दिवस असले का प्रिंटसाठी पोट्ट्यांची रांग लागते, तेव्हा रिपेअरिंगवाल्यानं सकाळी दुकान उघडताबरोबर जावं. माझ्याकडून पाचपैकी पाच.