आमच्या गावचं इतिहास मंडळ : दुसऱ्या रविवारचं व्याख्यान चुकवू नका

तापीकाठच्या आमच्या तालुक्याच्या गावी वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर इतिहास मंडळ चालतं हे मला मागच्या वर्षापर्यंत माहितीच नव्हतं, आणि खाली पेपर वाचायला मी दहा वर्षं जातोय. वडिलांना कोणीतरी सांगितलं की तिथे मोडी (जुनी मराठी लिपी) वाचून देतात, म्हणून आजोबांच्या पत्र्याच्या पेटीतला एक कागद घेऊन आम्ही दोघं गेलो आणि तेव्हापासून जातोच आहोत. महिन्याच्या दुसऱ्या रविवारी संध्याकाळी ६ ला व्याख्यान, प्रवेश फुकट. वर्षाची वर्गणी २०० रुपये, ती भरली की रविवारी सकाळचा मोडीचा वर्ग पण त्यातच.

आधी त्या कागदाचं सांगतो. आमच्या घरात पहिल्यापासून समज की ही सनद आहे, कोणा पूर्वजाला जमीन इनाम मिळाली होती त्याची. तिथल्या सरांनी (रिटायर्ड शिक्षक आहेत, मोडी तेच शिकवतात) कागद खिडकीशी नेला, चष्मा कपाळावर चढवला आणि बोट कागदाला न टेकवता वरून वरून फिरवत सगळं वाचलं. मग वडिलांना म्हणाले, "आप्पा, सनद नाही ही. कर्जाचं खत आहे. शके १७९९, म्हणजे १८७७-७८ साल. बैलजोडीसाठी पैसे घेतलेत, कपाशी निघाली की फेडायचे." वडील जरा वेळ काही बोललेच नाहीत, मग एवढंच विचारलं, "बैलांची नावं दिली आहेत का?" नावं नव्हती, रंग होते. एक पांढरा, एक कोसा. घरी येताना गाडीवर मागे बसून वडील तेच सांगत होते, एक पांढरा एक कोसा. मला वाटलं होतं सनद निघाली नाही म्हणून हिरमोड होईल, पण इनामदार पूर्वजापेक्षा बैलासाठी सावकाराकडे गेलेला पूर्वज त्यांना जास्त जवळचा वाटला असावा, कारण दुसऱ्या दिवशी सगळ्या भाऊबंदांना फोन करून झाले.

मी तो कागद लॅमिनेशन करायला निघालो होतो, सरांनी हात धरला म्हणा ना. लॅमिनेशन नाही, सेलोटेप नाही, घडी पण नाही, साध्या कोऱ्या कागदात सपाट ठेवा आणि उन्हापासून लांब. तुमच्या घरी असे कागद असतील तर एवढं तरी करा, रद्दीत टाकायच्या आधी कोणाला तरी दाखवा.

आता व्याख्यानं. ९ ऐकली, त्यात सगळ्यात भारी थाळनेर या तापीकाठच्या किल्ल्यावरचं. थाळनेर आपल्याकडे सगळ्यांनी येता-जाता बघितलेलं असतं, पण खानदेशच्या फारुकी सुलतानांचं राज्य तिथून उभं राहिलं हे किती जणांना माहीत? १३७० मध्ये दिल्लीच्या फिरोजशहा तुघलकाने फारुकींच्या मूळ पुरुषाला, मलिक राजाला, हा मुलूख दिला, १३८२ पासून तो स्वतंत्रपणे वागायला लागला, आणि त्याचा मुलगा नासिर खान याने अशिरगड घेतला, बुऱ्हाणपूर वसवलं, मग राजधानी तिकडे गेली. १६०१ मध्ये अकबराने अशिरगड घेतला तिथे ही गोष्ट संपते, म्हणजे सव्वादोनशे वर्षांच्या आसपास, आणि आपल्याला शाळेत यावर चार ओळी. नंतर मुलाच्या, दानियालच्या, नावावरून अकबराने या मुलखाला दानदेश असं नाव पण दिलं होतं, टिकलं नाही ते. खानदेश हे नाव खान या पदवीवरून की कान्हदेशावरून यावर हॉलमध्ये जोरात वाद झाला, सरांनी दोन्ही बाजू मांडल्या आणि ज्याने त्याने आपापला पुरावा आणावा म्हणून सांगितलं.

मग १८१८. जानेवारीत मंदसोरच्या तहात होळकरांनी खानदेश इंग्रजांना दिला, आणि फेब्रुवारीच्या शेवटी इंग्रज सेनापती हिस्लॉपची फौज थाळनेरला आली. दरवाजातल्या झटापटीत इंग्रजांचे दोन अधिकारी पडले, त्यानंतर किल्ल्यातली माणसं कापली आणि किल्लेदार तुळशीराम मामाला फाशी दिली. यावर विलायतेत पार्लमेंटमध्ये सुद्धा प्रश्न विचारले गेले. हे सांगताना सरांचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला, आणि हॉलमध्ये फक्त पंख्याचा आवाज.

प्रश्नोत्तरात मागच्या रांगेतून धोतरातले एक नाना उठले, माईक नको म्हणाले, "हाऊ आमना गावना किल्ला शे," असं म्हणून सुरू झाले. लहानपणी गुरं घेऊन वर कुठून चढायचे, पुराच्या वर्षी तापीकडची माती कशी ढासळली, कोणत्या बुरजाखाली आता बाभळी आहेत. सगळं अहिराणीत. कोणी त्यांना आटोपतं घ्या म्हणालं नाही, आणि सर खिशातून वही काढून लिहून घेत होते, मध्येच विचारत, कोणता बुरुज नाना, नदीकडचा की ओढ्याकडचा? मी बऱ्याच ठिकाणी भाषणं ऐकली आहेत, वक्त्याने श्रोत्याचं लिहून घेतलेलं तिथे पहिल्यांदा पाहिलं.

धुळे जिल्ह्यातल्या चिमठाण्याच्या खजिना लुटीवरचं पण छान झालं (१४ एप्रिल १९४४, सरकारी खजिना अडवला आणि पैसा साताऱ्याच्या प्रतिसरकारसाठी, म्हणजे क्रांतिकारकांच्या समांतर सरकारसाठी, गेला), फक्त त्या दिवशी गर्दी इतकी की मी जिन्यात उभा.

दिवाळीनंतर मंडळाने धुळ्याला राजवाडे संशोधन मंडळात सहल नेली. इतिहासाचार्य राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ ला धुळ्यातच वारले आणि पुढच्याच महिन्यात हे मंडळ सुरू झालं. जुने कागद, मूर्ती, पोथ्या, निवांत बघा. ज्या माणसाने गावोगाव दप्तरं शोधत पायपीट करून मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे २२ खंड काढले त्याच्या नावाच्या वास्तूत उभं राहून माझ्यासोबतची मोडी वर्गातली पोरगी एका कागदावरचा "श्री" वाचून एकदम ओरडली, तो आनंद मला पण कळला. मोडी अवघड नाही हो, आधी आडवी रेघ मारायची आणि मग खाली अक्षरं लटकवत जायची, ऱ्हस्व-दीर्घाची कटकट नाही, फक्त शब्द तोडून लिहीत नसल्याने सुरुवातीला डोकं चक्रावतं. चार महिन्यांत मी अडखळत का होईना वाचतो.

तक्रारी आहेत, त्या पण लिहितो कारण मंडळ वाढावं असं मनापासून वाटतं. ६ म्हणजे साडेसहा. त्यात शाल-श्रीफळ, प्रास्ताविक, परिचय, एकदा तर पाहुण्यांचे सत्कार ३५ मिनिटं चालले आणि वक्त्याला घाईघाईत उरकावं लागलं. रेकॉर्डिंग होत नाही, हे मला सगळ्यात जास्त लागतं, कारण त्या नानांचं बोलणं आता फक्त सरांच्या वहीत आहे. एक मोबाइल स्टँडवर लावून ठेवला तरी काम होईल, मी तसं सांगितलंय आणि माझा मोबाइल द्यायला तयार आहे. बाया फार कमी येतात, संध्याकाळी ६ ही स्वयंपाकाची वेळ, हे कोणाच्या ध्यानात येत नाही. आणि मे महिन्यात वरच्या मजल्यावर अक्षरशः भाजून निघतो माणूस.

५ पैकी ४ स्टार.

पुढच्या रविवारी धुळे शहर कसं वसलं यावर आहे, इंग्रज अधिकारी कॅप्टन ब्रिग्ज आणि त्या नंबरच्या गल्ल्या. साडेपाचलाच जा, डाव्या भिंतीकडची तिसरी रांग पंख्याखाली येते. तिथे एक खुर्ची वडिलांसाठी धरून ठेवणार आहे, बाकीच्या तुमच्या.