गिअरबॉक्स न उघडताच घेतले 48,000 रुपये

जुनी गाडी वापरणाऱ्यांनो, "गिअरबॉक्स गेलाय" असं गॅरेजवाला म्हणाला की आधी चावी परत मागा. मग बाकीचं बोला.

माझी गाडी 2011 ची, डिझेल, साधे हाताचे गिअर, 2,14,000 किलोमीटर झालेली. मांजरसुंब्याचा घाट चढताना चौथ्या गिअरला इंजिन नुसतं बोंबलायचं, गाडी काही उचलायची नाही, वर जळका वास. बीडजवळच्या एका गॅरेजवाल्यानं गाडी चालवूनही न बघता सांगून टाकलं, "साहेब, गिअरबॉक्स स्लिप मारायलाय. टायमावर आलात."

अहो, अशा गाडीत स्लिप मारतो तो क्लच, म्हणजे इंजिनाची ताकद गिअरबॉक्सला जोडणारा भाग! गिअरबॉक्स बिघडला तर घरघर येते, गिअर टाकताना करकरतो नाहीतर आपोआप निसटतो. माझे पाचही गिअर बिनबोभाट पडत होते. पण मी शाळेत गणित शिकवणारा माणूस, मला कुठून कळणार?

खरी मेख पुढं आहे. त्यानं गिअरबॉक्सच्या ऑइलचा नट काढून आणला, चुंबकाला चिकटलेला करडा गाळ बोटावर घेतला आणि माझ्या नाकासमोर धरला. "बघा, दातांची पावडर झाली." तिथंच मी गार. आता कळतंय की एवढ्या पळालेल्या गाडीच्या नटाला असा बारीक गाळ असतोच, तो धरायलाच ते चुंबक ठेवलेलं असतं. लोखंडाचे तुकडे निघाले तर घाबरायचं. पण त्या वेळी माझ्या जागी कुणीही फसलं असतं.

संध्याकाळी व्हॉट्सॲपवर फोटो आला: गिअरबॉक्स जमिनीवर. झालं, माझी खात्री पटली! क्लच बदलायलासुद्धा गिअरबॉक्स खाली उतरवावाच लागतो, हे मला कोण सांगणार?

बिल साध्या कागदावर: गिअर सेट 24,500, बेअरिंग 6,300, क्लच सेट 8,500, ऑइल 1,200, लेबर 7,500. जुने पार्ट मागितले तर म्हणे भंगारवाला घेऊन गेला. जुने पार्ट पोत्यात भरून समोर ठेवल्याशिवाय पैसे सोडू नका.

चार महिन्यांत गाडी परत तशीच. या वेळी छत्रपती संभाजीनगरला एका म्हाताऱ्या मिस्त्रीकडं नेली. त्यानं मोकळ्या जागी हँडब्रेक ओढला, चौथा गिअर टाकला आणि क्लच हळूहळू सोडला. इंजिन बंद पडायला पाहिजे होतं, ते चालूच राहिलं. "क्लच गेला," एवढंच बोलला. (घरी करून बघाल तर एकदाच करा, समोर कुणी उभं नको.) उतरवल्यावर दिसलं की गिअरबॉक्सच्या जोडाला कंपनीचं सीलंट जसंच्या तसं होतं, म्हणजे तो कधी उघडलाच नव्हता. क्लच प्लेट जुनीच, नवं अस्तर ठोकलेली, तेलानं चिंब. इंजिनाच्या मागच्या ऑइल सीलमधून तेल गळत होतं. मूळ दुखणं ते. सील 650, अस्सल क्लच सेट 7,900, लेबर 4,500. एकूण 13,050 मध्ये गाडी ठणठणीत!

पोलीस ठाण्यात गेलो तर "हा दिवाणी मामला आहे, कोर्टात जा." अर्ज ठेवून घ्या म्हटलं तर पोच द्यायला साहेब जागेवर नाहीत. साहेब भेटले तर विचारतात, पक्कं बिल कुठाय? अहो, पक्कं बिल देणारा माणूस फसवतो कशाला? दुसऱ्या एका कचेरीत तर गॅरेज आमच्या अखत्यारीत येत नाही म्हणून खुर्चीवरून न उठता वाटेला लावलं. मग येतं कुणाच्या? बाकी सगळ्यांना सरकारी खातं आहे, गॅरेजला तेवढं नाही.

पैसे ऑनलाइन दिले होते म्हणून निदान पुरावा तरी आहे. रोख देऊ नका. दुसऱ्या मिस्त्रीकडून मी काय सापडलं ते लिहून, सही घेऊन ठेवलंय, सीलंटचे फोटोही आहेत. 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर नोंद केली. जिल्हा ग्राहक आयोगात 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही, तक्रार मात्र 2 वर्षांच्या आत करावी लागते. वकिलामार्फत पाठवलेली नोटीस "पत्त्यावर आढळले नाहीत" असा शेरा मारून परत आली. गॅरेज उघडंच आहे, परवा दारात आणखी एका गाडीचा गिअरबॉक्स उतरवलेला होता.