जबड्यावरचा मस आणि पाठीवरचा तीळ काढला, त्यानंतरचे काही महिने

दोन तीळ काढले, एकाच डॉक्टरांकडे, पण दोन वेगळ्या पद्धतींनी. दिवाळी आटोपून थंडी पडायला लागली तेव्हा. आता अर्धा पावसाळा सरलाय. मधे नागपूरचा अख्खा उन्हाळा या दोन्ही जागांवरून गेला, म्हणून आता लिहायला बसलो. पहिल्या आठवड्यात विचारलं असतं तर "काहीच दुखत नाही" एवढंच सांगता आलं असतं आणि ते काही फार कामाचं नव्हतं. न दुखणं सगळ्यांनाच जमतं. डाग किती राहतो आणि काढलेला तुकडा कुठे जातो, हे दोन प्रश्न खरे.

आधी निकाल सांगतो. जबड्याची जागा जवळजवळ सपाट झाली आहे, रंग आजूबाजूच्या कातडीपेक्षा किंचित गडद. समोरच्या माणसाला दाखवल्याशिवाय कळत नाही. पाठीवर मात्र दोन सेंटिमीटरहून थोडी लांब रेघ आहे, मधोमध रुंदावलेली. शर्टाखाली असते म्हणून फिकीर नाही. तीच गालावर असती तर मी इतक्या शांतपणे लिहिलं नसतं.

जबड्याचा मस लहानपणापासूनचा, कातडीच्याच रंगाचा, मसुराच्या दाण्याएवढा उंच, वर दोन राठ केस. त्रास एकच: दाढी करताना कापला जायचा. सलूनवाल्या भाऊंनी तर शेवटी हात टेकले होते. "काढून टाका ना बाप्पा हे मस्सं, माझाच हात थरथरते." पाठीवरचा तीळ वेगळा. तो मला दिसतच नव्हता. बायकोच्या लक्षात आलं की तो वर्षभरात मोठा झालाय आणि एका बाजूला जास्त काळा पडलाय. मी दवाखान्यात गेलो मसासाठी, डॉक्टरांनी जास्त वेळ घालवला पाठीवर.

तीळ म्हणजे रंग तयार करणाऱ्या पेशींचा एका जागी जमलेला पुंजका. पुंजका वरच्या थरात असला तर तीळ सपाट आणि काळा दिसतो. खाली उतरत गेला की वर फुगवटा येतो आणि रंग फिका पडतो. माझा मस दुसऱ्या प्रकारचा. मोठ्या माणसाच्या अंगावर दहा ते चाळीस तीळ असणं अगदी सामान्य. बहुतेक लहानपणी आणि तरुणपणी येतात. चाळिशीनंतर नवा काळा तीळ उगवला तर मात्र एकदा दाखवून यावं. आणि आपण ज्याला सरसकट तीळ-मस म्हणतो त्यातलं बरंचसं तीळ नसतंच. मानेवर लोंबणारी मऊ चामखीळ वेगळी, विषाणूमुळे येणारा खरखरीत मस वेगळा, आणि चाळिशीनंतर गालांवर येणारे बारीक काळे उंचवटे, आपल्या सावळ्या कातडीत घरोघरी दिसणारे, तेही वेगळे. उपाय यावरूनच ठरतो, त्यामुळे फोटो पाठवून "किती घ्याल?" विचारण्यात अर्थ नाही.

तपासणीत डॉक्टरांनी डर्मोस्कोप लावला. दिवा लावलेलं भिंग, साधारण दहापट मोठं दाखवणारं. आधी कातडीवर जेल, मग भिंग. त्यातून पाहताना तिळातला रंग जाळीसारखा एकसारखा पसरलाय की तुटक, हे त्यांना दिसतं. त्यांनी विचारलेले प्रश्न साधे होते: दोन अर्धे सारखे आहेत का, कड नीट आहे की वेडीवाकडी, रंग एक की अनेक, पेन्सिलीच्या खोडरबरापेक्षा, म्हणजे ६ मिलिमीटरपेक्षा मोठा आहे का, आणि बदलतोय का. शेवटचा प्रश्न सगळ्यात जड. शिवाय अंगावरचे बाकीचे तीळ एका वळणाचे आणि एकच वेगळा, तर तोच आधी बघायचा.

तिथे एक गोष्ट नव्यानं कळली. मेलॅनोमा, म्हणजे तिळासारखा दिसणारा तो घातक कर्करोग, भारतीयांत गोऱ्या लोकांच्या तुलनेत खूप कमी. पण आपल्याकडे होतो तेव्हा बऱ्याचदा तळपायावर, तळहातावर नाहीतर नखाखाली. जिथे ऊन लागतच नाही तिथे. त्यांनी माझे मोजे काढायला लावले, तेव्हा आधी मला वाटलं, हे काय नवीन. आता आई-बाबांचे तळपाय मी स्वतः बघतो. नखात काळी उभी रेघ रुंद होत चालली असेल तर "मार लागला असेल" म्हणून सोडत नाही.

पद्धतींबद्दल. उंच मस कातडीच्या पातळीला तासून काढतात, टाका नाही, आणि तळ रेडिओफ्रिक्वेन्सीच्या, म्हणजे विजेच्या लहरींनी जाळणाऱ्या, सुईनं सारखा करतात. लहान तीळ गोल पंचनं, म्हणजे नळीसारख्या पात्यानं, काढून एखादा टाका घालतात. संशयाचा असेल तर पूर्ण खोलीपर्यंत, कडेला दोनेक मिलिमीटर चांगली कातडी घेऊन कापतात आणि टाके घालतात. चौथा मार्ग लेझर. कार्बन डायऑक्साइड लेझर तीळ जाळून वाफ करतो. रंगावर काम करणारे लेझर सपाट डागांवर वापरतात, पण रंग गेला म्हणजे पेशी गेल्या असं नाही.

लेझरवर माझा राग नाही, विकण्याच्या पद्धतीवर आहे. डॉक्टरांकडे जाण्याआधी मी शहरातल्या एका सौंदर्य क्लिनिकात चौकशी केली होती. पाठीवरच्या तिळासाठी सुद्धा थेट पॅकेज. भिंग नाही, प्रश्न नाही, "पाचवर एक फ्री". मी विचारलं, तुकडा तपासायला जाईल का? काउंटरवरची मुलगी हसली, "सर, तीळच तर आहे." जे जाळून टाकलं त्यातून लॅबला पाठवायला उरतं काय? डॉक्टरांनी बघून साधा म्हणून सांगितलेला तीळ जाळला तर हरकत नाही. बदलणारा तीळ जाळणं म्हणजे पुरावाच नष्ट करणं. माझ्या लेखी सगळ्या निर्णयाची खुंटी इथेच आहे: मशीन कोणतं, हे नंतर, बायोप्सी, म्हणजे काढलेल्या तुकड्याची लॅबमधे तपासणी, होणार का, हे आधी विचारा. आणि समोरचा माणूस एमडी किंवा डिप्लोमा केलेला त्वचारोगतज्ज्ञ आहे का, हेही.

घरगुती उपायांची यादी तर नातेवाइकांनी तोंडपाठ करून आणली होती. चुना आणि सोडा, घोड्याचा केस बांधणे, लसूण. चुना-सोडा कातडी जाळतो, ती तिळापुरती थांबत नाही. ऑनलाइन मिळणारी क्रीमं त्याच जातीची. अमेरिकेच्या औषध नियंत्रण संस्थेनं, एफडीएनं, २०२२ मध्ये विक्रेत्यांना पत्रं पाठवून सांगितलं होतं की तीळ काढायचं एकही बिनचिठ्ठीचं औषध त्यांनी मंजूर केलेलं नाही. सासूबाईंचा आक्षेप वेगळा होता: पाठीवरचा तीळ भाग्याचा असतो. त्यावर बायकोनंच उत्तर दिलं, "आई, भाग्य राहू द्या, रिपोर्ट येऊ द्या."

प्रत्यक्ष काम दोन्ही मिळून तासाभराचं. भूल देणारी सुई टोचते आणि औषध आत जाताना काही सेकंद चांगलं जळजळतं. दिवसभरातला त्रास तेवढाच. औषधात अॅड्रिनालिन असतं, त्यामुळे जागा पांढरी पडते आणि रक्त कमी येतं. पुढे फक्त ओढल्यासारखं जाणवतं. जबड्यावर रेडिओफ्रिक्वेन्सी चालताना जळक्या केसांचा वास येतो, तो नाकात बसतो. आधी सांगण्यासारखं: रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, साखर, पेसमेकर, आणि अंगावर पूर्वी कुठे जखम जाड होऊन वाढली आहे का. छाती, खांदा आणि जबडा या जागांवर अशा गाठी जास्त होतात. दोन्ही तुकडे फॉर्मलिनच्या छोट्या बाटल्यांत टाकले, माझ्यासमोर चिठ्ठी चिकटवली, नाव-जागा लिहिली. हे मी लक्ष देऊन पाहिलं.

पाठीची रेघ एवढी लांब का, हा माझा पहिला प्रश्न होता. गोल छिद्र सरळ शिवलं तर दोन्ही टोकांना कातडीचे फुगे येतात, म्हणून नावेच्या आकारात, रुंदीच्या साधारण तिप्पट लांब कापतात. एवढ्याशा तिळाला दोन सेंटिमीटरची रेघ येते ती अशी. हे आधी ऐकलेलं असलं की टाके काढायच्या दिवशी धक्का बसत नाही. चेहऱ्यावरचे टाके आठवड्याच्या आत निघतात, पाठीवरचे दोन आठवडे ठेवतात, कारण तिथली कातडी सतत ताणली जाते. पाठीची रेघ रुंदावते तीही त्यामुळेच. मी सुमारे महिनाभर जिम आणि सिलिंडर उचलणं बंद ठेवलं होतं, तरी रुंदावली. डॉक्टरांनी ते आधीच बोलून दाखवलं होतं.

जबड्याची जखम कोरडी ठेवून खपली धरू द्यायची नाही. मलम लावून ओलसर ठेवायची. आईला हे अजिबात पटलं नाही. "काऊन बाबू, हळद लावून मोकळी सोड ना." उघड्या जखमेवर हळद नको, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. दोनेक आठवड्यांत गुलाबी कातडी आली. खरी अडचण वेगळीच निघाली: हेल्मेटचा पट्टा. तो बरोबर त्याच जागेवर घासायचा. पट्ट्याला मऊ सुती कापड गुंडाळून काम भागवलं.

मग मार्च उजाडला आणि गुलाबी जागा तपकिरी झाली. सावळ्या कातडीत जखमेनंतर असा डाग पडणं नेहमीचंच, आणि ऊन त्याला खतपाणी घालतं. एप्रिल-मेमधे इथे पारा पंचेचाळिशीकडे जातो. मानेवाड्याहून सीताबर्डीला दुपारी स्कूटरवर जाणाऱ्यानं काय करावं? मी सनस्क्रीन लावायचो, वर दुपट्टा बांधायचो. घामानं सनस्क्रीन वाहून जातं, दर दोन-तीन तासांनी परत लावायचं म्हणजे ऑफिसात नळाखाली तोंड धुऊन पुन्हा सुरुवात. कंटाळा येतो. रंगछटा असलेलं सनस्क्रीन डागासाठी जास्त बरं, कारण त्यातला लोहाचा ऑक्साइड दिसणारा प्रकाशही अडवतो. फक्त पांढऱ्या शर्टाच्या कॉलरचं वाटोळं होतं. शिवाय रात्री सिलिकॉन जेल. मे महिन्यात डाग सगळ्यात गडद होता. जूनमधे ढग आले आणि तिथून तो उतरायला लागला. थंडीत काढायला का सांगतात, याचं उत्तर मला मे महिन्यात मिळालं. मात्र संशयाच्या तिळाला ऋतू नसतो, तो लगेच काढायचा.

रिपोर्ट दहा दिवसांनी आले. दोन्ही साधे, पाठीवरच्याची कड मोकळी, म्हणजे कापलेल्या कडेपर्यंत तिळाच्या पेशी पोचलेल्या नाहीत. ती ओळ वाचेपर्यंतचे दिवस घरात कोणी त्याबद्दल बोललं नाही.

खर्च धंतोली-रामदासपेठेच्या खासगी दरानं झाला. दोन्ही प्रक्रिया, दोन बायोप्सी, औषधं, सगळं मिळून बारा हजारांच्या आतबाहेर. उन्हाळ्यातलं सनस्क्रीन आणि जेल त्यात धरलं नाही, ते गुपचूप दोन-अडीच हजार खातं. मेडिकलच्या, म्हणजे इथल्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या, त्वचारोग ओपीडीत हेच खूप कमी पैशांत होतं. सकाळी लवकर चिठ्ठी काढायची आणि रांगेची तयारी ठेवायची. एका सहकाऱ्यानं तिथेच मानेवरचा तीळ काढला, त्याच्या टाक्यात आणि माझ्या टाक्यात मला काही फरक दिसला नाही. एक बारीक गंमत: माझ्या जुन्या नोकरीच्या कागदांत ओळखचिन्ह म्हणून "उजव्या जबड्यावर मस" लिहिलंय. अजून कोणी तपासायला आलेलं नाही.

माझं पाहून आईनं गालांवरचे बारीक काळे उंचवटे काढून घेतले. ते तीळ नव्हतेच. मलमाची भूल, रेडिओफ्रिक्वेन्सीचा हलका स्पर्श, आठवडाभरात खपल्या पडून गाल साफ. तिला माझ्यापेक्षा पुष्कळ छान निकाल मिळाला. नवीन येत राहतील, हे मात्र तिला सांगून ठेवलंय.

वजा बाजू जबड्याची. तासून काढताना केसांची मुळं खाली राहतात, म्हणून दोनपैकी एक केस परत आलाय. आणि गेल्या महिन्यात त्याच जागी टाचणीच्या टोकाएवढा तपकिरी ठिपका दिसायला लागलाय. खाली उरलेल्या पेशींमुळे रंग असा परत येतो. डॉक्टरांनी भिंगातून पाहिलं, काळजी नाही म्हणाले, फोटो काढून ठेवला. पुन्हा काढायची वेळ आली तर जुना रिपोर्ट सोबत द्यायचा, कारण एकदा काढलेल्या जागी परत आलेला तीळ सूक्ष्मदर्शकाखाली विचित्र दिसतो आणि आधीचं माहीत नसेल तर पॅथॉलॉजिस्टची दिशाभूल होऊ शकते. तो कागद मी आधार कार्डाच्या फाइलमधे लावलाय. ठिपका काढायचा का, हे दिवाळीनंतर बघू. दाढीत कापला जात नाही, तोपर्यंत सलूनवाले भाऊही खूश आहेत.