ड्यूक की क्लासिक? मेळाव्यातल्या उपमेपुरता प्रश्न

वसईतल्या पुतण्याला युवक मेळाव्यात पवित्र आत्म्याच्या सामर्थ्यावर दहा मिनिटं बोलायचंय. ‘काका, उदाहरण केटीएम ३९० ड्यूक मोटरसायकलचं देऊ की एनफिल्ड क्लासिक ३५०चं?’

ताकद: २०२४ची ड्यूक ४६ पीएस (अश्वशक्ती) देते, पण ८,५०० आरपीएमला, म्हणजे इंजिन मिनिटाला तितक्या फेऱ्या घेतं तेव्हा. क्लासिक जेमतेम २०, तीही ६,१००ला.

टॉर्क (चाक फिरवणारा जोर): खरी गंमत इथे. कागदावर टॉर्कही ड्यूकचाच जास्त, ३९ न्यूटन मीटर. मेळाव्यातलं एखादं पोर हे हटकून सांगेल. मात्र तो ६,५००ला मिळतो, क्लासिकचे २७ हे ४,०००लाच. म्हणजे प्रश्न किती मिळतं हा नाही, कधी मिळतं हा. बाळ येशूच्या यात्रेला नाशिकला जाताना कसारा घाटात, मागे आई बसलेली असताना, क्लासिक फार न किंचाळता चढते. आजारपणात रोज रोझरी (जपमाळेची प्रार्थना) म्हणणाऱ्या आजीची श्रद्धा अशीच. ड्यूक म्हणजे पेन्टेकॉस्टचा, शिष्यांवर पवित्र आत्मा उतरला तो दिवस: वारा, अग्नीच्या जिभा.

मेहनत: ड्यूकचं इंजिन सतत जोरात फिरतं ठेवावं लागतं. शिबिरातला उत्साह सोमवारी का उतरतो, ते इथे छान सांगता येईल.

एक अडचण दोन्हींत आहे. थ्रॉटल आपल्या हातात असतो आणि गाडी विकत मिळते. बायबलमधल्या प्रेषितांच्या कृत्यांत (अध्याय ८) शिमोन जादूगाराने पैसे देऊन पवित्र आत्मा देण्याचं सामर्थ्य मागितलं आणि येशूचा शिष्य पेत्र याची बोलणी खाल्ली. हे बोलायला विसरू नकोस.

नुकतं दृढीकरण (पवित्र आत्म्याचं दान देणारा चर्चचा संस्कार) झालेल्या पोरांसमोर ड्यूक घे. आईबापही बसणार असतील, तर क्लासिक.