लाइपझिगमधला डीएसएच तयारीचा वर्ग: चार महिने शिकले, दोन सेमिस्टर वापरलं

२०२४च्या एप्रिल ते जुलैमध्ये मी जर्मनीत लाइपझिगला डीएसएच, म्हणजे जर्मन विद्यापीठातल्या प्रवेशासाठी लागणाऱ्या भाषेच्या परीक्षेच्या, तयारीचा वर्ग केला. सप्टेंबरात परीक्षा दिली आणि ऑक्टोबरात समाजशास्त्राच्या एम.ए.ला प्रवेश घेतला. आज दोन सेमिस्टर पूर्ण झाल्यावर हे लिहितेय, कारण परीक्षेचा निकाल लागल्या लागल्या लिहिलं असतं तर ‘पास झाले, वर्ग छान होता’ एवढंच सांगता आलं असतं. वर्गात काय कमावलं आणि काय राहून गेलं, ते प्राध्यापक समोर दीड तास न थांबता बोलायला लागले की कळतं. वर्गाचं नाव लिहीत नाही, कारण पुढे तक्रारीही येणार आहेत. शिवाय अशा वर्गांची घडण सगळीकडे साधारण सारखीच असते, त्यामुळे नावावाचून फारसं अडणार नाही.

आधी माझी पाटी किती कोरी होती ते सांगते. मी साताऱ्याची. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटमध्ये दोन वर्षं जर्मन शिकले आणि तिथला पाया आजही उपयोगी पडतोय. मग घाई झाली. ‘चार महिन्यांत बी टू’ (भाषेची मध्यम-वरची पातळी) अशी जाहिरात करणाऱ्या एका खाजगी क्लासला पैसे भरले. तिथे भाषा शिकवलीच नाही, परीक्षेतल्या पत्रांचे साचे पाठ करून घेतले. पहिलं वाक्य ठरलेलं, शेवटचं ठरलेलं, मध्ये विषय भरायचा. गोएथे इन्स्टिट्यूटच्या बी टू परीक्षेत पास व्हायला प्रत्येक भागाला १००पैकी ६० गुण लागतात. मला लेखनात ६४ मिळाले, ऐकण्यात ६१. कागदावर बी टू झालं, एपीएसचं, म्हणजे माझी भारतातली शैक्षणिक कागदपत्रं तपासल्याचं, प्रमाणपत्र आलं, विद्यापीठाने भाषेच्या अटीवर प्रवेश दिला आणि मी विमानात बसले.

लाइपझिगला पहिल्याच दिवशी पातळी ठरवण्यासाठी ‘सी-टेस्ट’ घेतली. या परीक्षेत छोटे उतारे देतात आणि दर दुसऱ्या शब्दाचा उत्तरार्ध कापलेला असतो. तो तुम्ही पुरा करायचा. पाठांतराचा इथे काडीचा उपयोग नाही. शब्द ओळखून भागत नाही, त्याचं लिंग, वचन, विभक्ती सगळं शेपटीत बसवावं लागतं. मला बी टूच्याच उत्तरार्धात बसवलं. तेव्हा वाईट वाटलं, पण निर्णय योग्य होता.

वर्ग सोमवार ते शुक्रवार, रोज चार तास, प्रत्येक तास ४५ मिनिटांचा. असे १६ आठवडे. पहिले सहा आठवडे ज्या बाई होत्या, त्यांच्यामुळे मी आज इथे आहे हे मनापासून लिहिते.

डीएसएचचा आराखडा थोडक्यात असा. लेखी परीक्षेत ऐकणं, वाचणं आणि लेखन यांचं वजन प्रत्येकी दोन, शास्त्रीय भाषेच्या रचनांचं एक. मग तोंडी परीक्षा. ५७ टक्क्यांना डीएसएच-१, ६७ला डीएसएच-२, ८२ला डीएसएच-३. बहुतेक अभ्यासक्रमांना डीएसएच-२ लागते. लेखी आणि तोंडी दोन्हींत ६७ हवेत, एकात ९० मिळवून दुसऱ्यातली तूट भरून निघत नाही. लेखीच्या आत मात्र एक भाग दुसऱ्याला सावरून घेतो.

ऐकण्याच्या परीक्षेत एखाद्या व्याख्यानासारखा मजकूर दोनदा ऐकवतात, तुम्ही टिपणं काढायची आणि त्यावरून उत्तरं लिहायची. पहिल्या सरावात विषय होता भूजलाचा. मी प्रत्येक वाक्य पूर्ण लिहायला गेले. तिसऱ्या वाक्याला वक्ता पुढे, मी मागे. दहा मिनिटांनी माझ्या कागदावर चार सुंदर वाक्यं होती आणि व्याख्यानाचा आशय कुठेच नव्हता. बाईंनी कागद हातात घेतला, मधोमध उभी घडी घातली आणि म्हणाल्या, डावीकडे फक्त मुद्दे, उजवीकडे उदाहरणं आणि आकडे, क्रियापदं लिहायचीच नाहीत. कारण-परिणामाला बाण, विरोधाला दोन उलटे बाण. दुसरी गोष्ट त्यांनी शिकवली ती इशाऱ्याचे शब्द ऐकायला. जर्मनमध्ये ‘त्स्वार’ कानावर पडलं की पुढे ‘आबर’ येणारच. आपण म्हणतो ना, ‘तो हुशार आहे खरा, पण...’ त्यातलं ‘खरा’ म्हणजे हा त्स्वार. खरा मुद्दा ‘पण’नंतर असतो, म्हणून त्स्वारनंतरचं ऐकायचं आणि आबरनंतरचं लिहायचं. आजही सेमिनारमध्ये माझ्या वहीला मधोमध घडी असते.

रचनांचा भाग सगळ्या वर्गाला अवघड वाटायचा, मला सोपा गेला. याचं कारण मराठी, आणि हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं म्हणून सविस्तर लिहिते. जर्मन शास्त्रीय गद्यात नामाच्या आधी लांबलचक विशेषण येतं. उदाहरणार्थ, ‘देर गेस्टर्न फॉन देर बेहोर्डे फेरऑफेंटलिश्टे बेरिश्ट’. इंग्रजीतून विचार करणारा इथे गांगरतो. मराठीत ठेवून बघा: ‘काल प्रशासनाने प्रसिद्ध केलेला अहवाल’. शब्दांचा क्रम तंतोतंत तोच! परीक्षेत हीच रचना सोडवून संबंधी वाक्य करायला सांगतात, म्हणजे आपलं ‘जो अहवाल काल प्रसिद्ध झाला, तो’. गौण वाक्यात क्रियापद शेवटी जातं, त्याचंही तसंच. ‘वाइल इश क्रांक बिन’ म्हणजे ‘कारण मी आजारी आहे’, एकेका शब्दाखाली एकेक शब्द. लिंगं तीन, आपलीही तीन. (कोणत्या नामाला कोणतं, ते मात्र पाठच करावं लागतं, तिथे मराठीचा भरवसा धरू नका.) संख्यासुद्धा, एकवीसमध्ये आपण आधी एक म्हणतो मग वीस, जर्मनही तसंच. पुण्यात सगळीकडे मला जर्मन इंग्रजीच्या आधाराने शिकवलं गेलं. माझं कळकळीने सांगणं आहे की मराठी येणाऱ्याने नवीन रचना समोर आली की आधी ती मराठीत ठेवून बघावी.

लेखनात आलेख देतात, त्याचं वर्णन करून मग मुद्देसूद मत मांडायचं असतं, ७० मिनिटांत साधारण २५० शब्द. माझ्या पहिल्या निबंधात एकाच चुकीची पाच लाल वर्तुळं होती, ‘उम’च्या जागी ‘आउफ’. मी लिहिलं होतं की वीजवापर आउफ ५ टक्के वाढला. बाईंनी समासात दोन रेघा काढल्या, एकीचं टोक पाचवर टेकलेलं, दुसरी पाचने उंच गेलेली. तेव्हा डोक्यात उजेड पडला. ‘५ टक्क्यांनी वाढला’ हा उम, ‘५ टक्क्यांवर पोचला’ हा आउफ. आपला ‘नी’ आणि आपला ‘वर’. त्यानंतर ही चूक माझ्याकडून कधी झाली नाही.

आता तक्रारी. माहितीपत्रकात वर्गात जास्तीत जास्त १६ जण म्हटलं होतं, आम्ही २३ होतो. तोंडी सरावात प्रत्येकाच्या वाट्याला दिवसाला दोन-तीन मिनिटं यायची, कधी तीही नाहीत. सातव्या आठवड्यात त्या बाई गेल्या आणि नवे शिक्षक आले. ते विद्वान होते, पण त्यांनी सलग चार निबंध तपासून परत दिले नाहीत. लेखनाला लेखीत दोनचं वजन असताना एक महिना निबंध न तपासणं ही लहान चूक नाही. ज्याने कर्ज काढून फी भरलीय, त्याचा तो महिना परत येत नाही. आम्ही आठ जणांनी मिळून कार्यालयाला पत्र दिलं. कॅमेरूनच्या एका मुलाने त्याचा मसुदा केला, मी व्याकरण तपासलं. दोन आठवड्यांनी फक्त निबंधांसाठी आठवड्यातून एक जादा तास सुरू झाला. तुमच्यावर अशी वेळ आली तर गप्प बसू नका, आणि तोंडी सांगू नका. इथे कागदावर लिहून दिलेल्या गोष्टीची दखल घेतात.

पैशांचं. मला १६ आठवड्यांचे १,२४० युरो पडले. त्या वेळी व्हिसासाठी ब्लॉक खात्यात (यातून दर महिन्याला ठरलेली रक्कमच काढता येते) वर्षाचे ११,२०८ युरो दाखवावे लागत, म्हणजे महिन्याला ९३४ हातात. सप्टेंबर २०२४पासून ती रक्कम ११,९०४ झाली. विद्यापीठात रीतसर नाव लागलेलं नसल्याने सार्वजनिक आरोग्य विम्याचा विद्यार्थी दर मला मिळाला नाही, खाजगी विमा घ्यावा लागला. विद्यार्थ्यांना मिळणारं प्रवासाचं सेमिस्टर तिकीटही नाही, त्यामुळे बस-ट्रॅम-लोकल गाड्यांच्या डॉइशलांड तिकिटाचे तेव्हाचे महिना ४९ युरो वेगळे. निघताना घरी हिशेब मांडाल तेव्हा वर्गाच्या फीबरोबर हे दोन खर्च धराच. आम्ही धरले नव्हते आणि जूनमध्ये बाबांना पैसे मागायला फोन करावा लागला.

वर्गाबाहेरचं लाइपझिग ही आणखी एक शाळा. इथली जर्मन पुस्तकातली नव्हे. ‘हो’ला लोक ‘या’ म्हणतात तसं ‘नू’ही म्हणतात, क आणि त मऊ होऊन ग आणि दसारखे कानावर येतात. वेळ सांगायची पद्धत तर मला महागात पडली. घर बघायला ‘फिर्टल द्राय’ला या असं फोनवर सांगितलं. फिर्टल म्हणजे पाव, द्राय म्हणजे तीन, म्हणून मी पावणेतीनला पोचले. इथे त्याचा अर्थ तिसऱ्या तासाचा पाव भाग संपला, म्हणजे सव्वादोन. खोली दुसऱ्या मुलीला गेली होती. पावणेतीनला हे लोक ‘द्रायफिर्टल द्राय’ म्हणतात आणि अडीचला, सगळ्या जर्मनीसारखंच, ‘हाल्ब द्राय’, म्हणजे अर्धा तिसरा. आपला ‘अडीच’ शब्दही अर्धतृतीय यातूनच आलाय. हे कळल्यापासून घड्याळ मी मराठीतच वाचते. वर्गात हे एका तासात शिकवता आलं असतं, पण परीक्षेत येत नाही म्हणून शिकवलं नाही.

परीक्षेत लेखीला ७१ आणि तोंडीला ८४ टक्के मिळाले. तोंडीच्या तयारीला २० मिनिटं देतात, मग साधारण तेवढाच वेळ बोलणं. लेखनात मला सर्वांत कमी गुण पडले आणि ते न तपासलेले चार निबंध मला तेव्हा आठवले.

विद्यापीठातल्या दोन सेमिस्टरमध्ये काय टिकलं? व्याख्यानाची टिपणं शंभर टक्के टिकली. वाचनही. समाजशास्त्रातली लांब वाक्यं मी न घाबरता उलगडते, ती त्या केलेला-गेलेल्याच्या सवयीमुळे. राहून गेलं ते सहाध्यायांचं बोलणं. वर्गात सगळे परदेशी, सगळे सांभाळून बोलणारे. इथे सेमिनारमध्ये जर्मन मुलं एकमेकांचं वाक्य तोडून बोलतात आणि बोलण्यात ‘डोख’, ‘हाल्ट’, ‘एबन’ पेरलेले असतात. ‘कॉम डोख’ म्हणजे ‘ये की’. या ‘की’चा, ‘ना’चा, ‘बरं’चा अर्थ शब्दकोशात सापडत नाही. पहिले दोन महिने गटचर्चेत मी जवळजवळ मुकी होते. तसंच १५-२० पानांची हाउसआर्बाइट, म्हणजे विषयावरचा लेखी प्रबंध, कशी लिहायची, उद्धरणं कशी द्यायची, यातलं वर्गाने काहीच शिकवलं नाही. २५० शब्दांच्या निबंधाने त्याची तयारी होत नाही. यासाठी विद्यापीठात लेखन केंद्र असतं, ते मला फार उशिरा कळलं. तुम्ही पहिल्याच महिन्यात जा.

प्रवेशासाठी चालणारी जर्मनची दुसरी परीक्षा म्हणजे टेस्टडाफ; ती द्यावी की डीएसएच, हे मला खूप जण विचारतात. टेस्टडाफ भारतातूनही देता येते, तिचा साचा सगळीकडे सारखा असतो आणि तोंडी परीक्षेत माणसाशी नव्हे, यंत्राशी बोलायचं असतं. पण सहसा चारही भागांत पातळी चार मागतात, एका भागात तीन आली की अडलं. वर्गाअखेर माझं लेखन कच्चं आणि ऐकणं पक्कं होतं, म्हणून मला डीएसएच सोयीची ठरली. तुमचे चारही भाग सारखे असतील आणि समोरच्या माणसापेक्षा यंत्र बरं वाटत असेल, तर टेस्टडाफ द्या आणि जर्मनीतले हे चार महिने आणि त्यांचा खर्च वाचवा.

कऱ्हाडची एक मुलगी येत्या एप्रिलला याच वर्गाला येतेय. तिला मी तीन गोष्टी कळवल्यात. बी टूची परीक्षा साच्याने नव्हे, समजून दे, प्रत्येक भागात ७५च्या पुढे जाशील तेव्हाच नीघ. रोज डॉइशे वेले या जर्मन प्रसारण संस्थेच्या सावकाश वाचलेल्या बातम्या ऐक आणि त्यांची क्रियापदांशिवाय टिपणं काढ. आणि इथे आल्यावर निबंध दुसऱ्या आठवड्यात परत मिळाला नाही, तर तिसऱ्याची वाट न बघता कार्यालयात लेखी दे. माझ्या पत्राची प्रत तिला पाठवून ठेवलीय.